पासष्ट टक्क्यांची बाटली

"आज तू तोंड उघडायचं नाही."

आईचं सकाळपासून हेच चाललेलं. वडे थापताना, कोंबडीला वाटण लावताना, बोंबील साफ करताना, माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट फेकताना. "कुणी विचारलं तर आयटीआय. दुसरं वर्ष, मोटर मेकॅनिक. बास. पुढे फाटे फोडू नकोस."

"आणि त्यांनी पुढचं विचारलं तर?"

"तर पाणी आणायला आत ये."

मी आयटीआयचं गेट पण बघितलेलं नाही. दहावीत सरांशी वाजलं, दप्तर उचलून घरी आलो, तो परत गेलोच नाही. आता कल्याणला गॅरेजमध्ये बाईकी खोलतो. चोरी नाही, लबाडी नाही. मारामारी, ती पण समोरच्याने सुरू केली तर. पण ताईच्या सासरच्यांशी बोलताना बाबांनी मला परस्पर आयटीआयमध्ये ॲडमिशन देऊन टाकलेली. माझी सटकलेली तेव्हाच. ताईकडे बघून गप्प बसलो.

संचिताताई आणि स्वानंद ठाण्याला एकाच ऑफिसात. दोघांचं जमलेलं, आमच्याकडे कुणाची हरकत नव्हती. गाडी अडलेली स्वानंदच्या पप्पांपाशी, मधुकाकांपाशी. आम्ही एकदा त्यांच्या वर्तकनगरच्या घरी जाऊन आलेलो. निघताना ते एवढंच बोलले, "एकदा तुमच्याकडे येतो. मग तारखेचं बघू." म्हणजे आज ते आंबिवलीला येणार, आमचं घर बघणार, आम्हाला बघणार, आणि पटलं तरच तारीख निघणार. ताईचा रात्रभर डोळा लागलेला नव्हता. सकाळी तिचे डोळे कांदा कापल्यासारखे होते, आणि कांदा तर आई कापत होती.

मधुकाका बँकेतून रिटायर झालेले. तिथे पण काम काय, तर इन्स्पेक्शन. वेगवेगळ्या ब्रांचमध्ये जायचं आणि लोकांनी काय लपवलंय ते हुडकायचं. आयुष्यभर तेच केल्यावर माणूस घरी तरी वेगळं काय करणार? त्यांना शौक एकच, व्हिस्की. पिण्याचा नाही, चाखण्याचा. स्वानंदने ताईला सांगितलेलं, पप्पा एक पेग दुपारभर पुरवतात आणि मग बाटलीला शंभरपैकी मार्क देतात.

हे कळल्यावर आईच्या भावाने, मुकुलमामाने, अमेरिकेतून येताना एक बाटली आणलेली. बरबन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की. मक्याची असते म्हणे, आतून जाळलेल्या लाकडाच्या पिंपात ठेवतात. मामा तेव्हा सोफ्यावर बसून आईला समजावत होता, "सगुणाताई, ही साधी नाही. बारा वर्षं पिंपात होती. निम्मी दारू तर हवेतच उडून जाते. उरलेली पाणी न घालता तशीच बाटलीत भरलीय. एकशे तीस प्रूफ. व्याह्यासमोर ठेव, बोलती बंद होईल."

आईने ती बाटली साड्यांच्या मागे ठेवली आणि मला बोलली, "ह्या कपाटाला हात लावलास तर हात मोडीन."

मला कशाला? मी पीत नाही. गॅरेजमध्ये जे पिऊन येतात त्यांना सकाळी बघितलं की आपली हौस आपोआप फिटते. पण घरात काही गेलं, फुटलं, कमी झालं की नजर आधी माझ्यावर. शाळा सोडली ना मी. मग बाकीचं सगळं पण मीच केलेलं असणार.

आता एक गोष्ट. मी बघतो. म्हणजे सगळेच बघतात, पण माझ्या डोळ्यात बसतं. मामाने बाटली काढलेली तेव्हा तिच्या मानेला काळं प्लॅस्टिक होतं, एकदम घट्ट, गुळगुळीत. आज आईने टेबलावर ठेवली तेव्हा त्या प्लॅस्टिकला मागच्या बाजूने एक बारीक चुणी होती.

तोंड उघडायचं नव्हतं. नाही उघडलं.

बाबा बाटलीकडे बघतच नव्हते. फॅनकडे बघत होते, घड्याळाकडे बघत होते. बाबा वागळे इस्टेटला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहेत. साधा माणूस, दारू कधी तोंडाला लावली नाही, आवाज पण कधी चढवत नाही. पण मागे गावाहून आले त्या दिवशी मी कामावरून लवकर आलेलो, तर बाबा बेडरूममध्ये ताईचा हेअर ड्रायर घेऊन बसलेले. बाबांच्या डोक्यावर केस म्हणाल तर कानामागे तेवढे.

"काय करताय?"

"शर्ट ओला होता," बाबा बोलले. अंगावरचा शर्ट कोरडा होता. मी सोडून दिलं. माणसाला कधी काय करावंसं वाटेल सांगता येत नाही.

पाहुणे आले. गाडी हेमाकाकू चालवत आलेल्या, स्वानंदची आई. आल्या आल्या सोफ्यात बसल्या. "काय हो रस्ता तुमचा! कल्याण सुटल्यावर माझे दात मोजून घ्यावेत म्हटलं."

"पावसाळ्यात या, मग होडी पाठवतो," मी बोललो.

त्या हसल्या. आईने डोळे मोठे केले.

मधुकाका हसले नाहीत. त्यांनी बूट काढले, दोन्ही एका रेषेत लावले, आणि घर बघायला सुरुवात केली. खिडकीच्या वरची ओल बघितली. "हं." टीव्हीच्या मागची वायर बघितली. "हं." आजोबांच्या फोटोवरचा हार बघितला, प्लॅस्टिकचा. "हं." तो 'हं' माझ्या डोक्यात जायला लागलेला. बोल ना जे काय आहे ते.

"मग ऋतुराज," ते माझ्याकडे वळले. "कॉलेज काय म्हणतंय?"

"आयटीआय."

"हो हो. कुठलं?"

"ऋतू, पाणी," आई आतून ओरडली.

मी पाणी आणलं. त्यांनी ग्लास घेताना ग्लासकडे नाही बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं. मी हात मागे घेतला. काळं निघत नाही नखांतलं, रॉकेलने पण नाही.

स्वानंद ताईच्या समोरच्या खुर्चीत बसलेला, गुडघे जुळवून, शाळेत ऑफिसबाहेर बसवतात तसा. हा माणूस मला कधी कळला नाही. पप्पांसमोर याच्या तोंडातून 'हो' सोडून दुसरा शब्द येत नाही. ताईने याच्यात काय बघितलं, देव जाणे.

"जेवायला घेऊया ना?" आईने विचारलं. "वडे गरम आहेत."

मधुकाकांची नजर टेबलावर गेलेली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "अरे वा. ही कुठून पैदा केलीत?"

"माझ्या भावाने आणली, तुमच्यासाठी."

"मग आधी ही. जेवणाआधी. जीभ कोरी पाहिजे." आणि पुढे, "वहिनी, स्वयंपाकघराचं दार तेवढं लोटता का? बोंबलाच्या वासात बाकी काही कळायचं नाही."

आईने दार लोटलं. जोरात लोटलं. सकाळपासून ज्या वासासाठी ती राबलेली, तो तिने कोंडून घातला. तिच्या नाकपुड्या बघून मला कळलं, आज माझ्याशिवाय अजून कुणाची तरी सटकलेली आहे.

मधुकाकांनी पिशवीतून नॅपकिनमध्ये गुंडाळलेला स्वतःचा ग्लास काढला. खाली पोट, वर निमुळता, लहानशा कंदिलाच्या काचेसारखा. औषधाचा ड्रॉपर काढला. चष्मा बदलला. लेबल असं वाचलं जसं काही कोर्टाचं समन्स आलंय.

"एकशे तीस प्रूफ. निम्मे केले की टक्के येतात. म्हणजे..."

"पासष्ट," मी बोललो.

"हं." त्यांनी बाटली फिरवली. अंगठा मानेवरून मागे गेला आणि चुणीपाशी थांबला. जरासाच. मग त्यांनी प्लॅस्टिक कापलं, बूच काढलं. कुणाला काही बोलले नाहीत. पण त्यांनी बघितलेलं. मी बघितलं की त्यांनी बघितलं.

ग्लासात थोडीशी ओतली. रंग एकदम चहाच्या काढ्यासारखा. ग्लास तिरका करून फिरवला, काचेवरून दारू तेलासारखी सावकाश उतरत होती. मग नाक आत. तोंड थोडं उघडं.

"हिचा वास तोंड उघडं ठेवून घ्यायचा," ते बोलले. आता आवाज वेगळा होता, शाळेतल्या चांगल्या मास्तरासारखा. "नाहीतर नाक भाजतं. हां... गूळ. चिक्की करताना कढईच्या बुडाला लागतो ना, तो गूळ. व्हॅनिला. थोडी दालचिनी. आणि..." डोळे मिटले. "नारळ!"

बाबांचा हात पाण्याच्या ग्लासवर जाऊन थांबला.

"लाकडातून येतो हा नारळ, सुदेशराव. त्या लाकडात तेल असतं. पण इतका स्वच्छ? मी एवढ्या बरबन चाखल्या, इतका समोर आलेला नारळ कधी मिळाला नाही. बारा वर्षं लाकूड काय काम करतं बघा!"

"हो का," बाबा बोलले. फॅन फुल होता आणि बाबांच्या टकलावर घाम होता.

ताईचा चेहरा सैल झाला. आईने पण दाराआडून मान बाहेर काढली. बाटली पसंत पडली म्हणजे आम्ही पसंत पडल्यासारखंच होतं ना. मी मात्र बाबांकडे बघत होतो. नारळाचं नाव काढल्यावर घाम कुणाला येतो?

मधुकाकांनी घोट घेतला. गिळला नाही, चावला. तोंडात इकडून तिकडे नेला. आम्ही सगळे त्यांच्या गालांकडे बघत बसलेलो. मग गिळला आणि थांबले.

"हं."

हा 'हं' लेबल वाचतानाचा नव्हता. ओल बघताना आलेला तो होता.

दुसरा घोट घेतला. ग्लास खिडकीकडे धरला. "स्वानंद, मोबाईलचा टॉर्च लाव. बाटलीच्या मागे धर."

स्वानंदने धरला. उजेडात बाटली पेटल्यासारखी लाल झाली. आणि तळाशी पांढरट काहीतरी हललं. सायीच्या बारीक चिंध्या असतात ना, तसलं. वरची दारू पण काचेसारखी नव्हती, धुरकट होती.

"सुदेशराव, ही बाटली कुणी उघडलेली?"

"नाही हो," बाबा बोलले. "सीलबंद होती. तुम्हीच कापलंत."

"इतक्या कडक दारूला ढग धरत नाही. बरंच पाणी घातलं तर धरतो. मी अजून थेंब घातलेला नाही." ड्रॉपर त्यांनी पुरावा असल्यासारखा वर धरला. "आणि पासष्ट टक्के जिभेला चावतात. ही नुसती गुरगुरतेय. हिच्यातली कुणीतरी काढलीय आणि दुसरंच काहीतरी भरलंय."

आणि मग सगळ्यांच्या माना वळल्या. हळूहळू नाही, एकदम. आई, काकू, स्वानंद. मला वाटतं फोटोतले आजोबा पण. ताईने नाही वळवली मान, पण तिने डोळे मिटून घेतले. त्याचा अर्थ तोच.

"ऋतू," आई बोलली. नुसतं नाव. कानाखाली मारल्यासारखं.

"मी नाही."

"मग कोण? मी? कपाट कुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं!"

"जाऊ दे हो वहिनी," हेमाकाकू बोलल्या. "या वयात मुलं करतातच. आमच्या स्वानंदने नव्हती का एकदा..."

"आई," स्वानंद बोलला.

आरोप करणारा परवडला. मोठ्या मनाने माफ करणारे आले की माझ्या मस्तकात जातं.

"करतात म्हणजे? मी केलेलं नाही तर माफ कसलं करताय?"

"आवाज खाली," मधुकाका बोलले, शांतपणे. "सील परत बसवायचं तर हाताला कसब लागतं. हत्यारं वापरायची सवय लागते. मी काही म्हणत नाही. फक्त बघतोय."

"बघताय ना? मग मला पण बघू द्या. द्या तो ग्लास इकडे."

"वय काय तुझं?"

"सतरा."

"मग वास फक्त. ओठाला लावायचा नाही."

"लावायचा पण नाहीये मला."

त्यांनी दिला ग्लास. मी त्यांच्यासारखंच तोंड थोडं उघडं ठेवून नाक आत घातलं. आधी एकदम सणक, थिनरचा डबा उघडल्यासारखी. ती बसली तसा गूळ आला. खरंच आला, माणूस खोटं बोलत नव्हता. आणि गुळाच्या खालून नारळ. पण तो लाकडाबिकडातला नव्हता. ओला होता, किंचित आंबट. आमच्या मोरीच्या कठड्यावर आई नारळ फोडते आणि फुलपात्रात पाणी धरते, ते पाणी दुपारपर्यंत तसंच राहिलं की येतो तो वास. लहानपणापासूनचा. डोळे बांधून सांगेन.

चुणी. ड्रायर. पॅकिंग. बाबा गावाला एकटेच गेलेले आणि निघताना पिशवी कुणाला उचलू देत नव्हते, मी घ्यायला गेलो तर बोलले, राहू दे राहू दे, फुटेल. फुटण्यासारखं काय नेतात गावाला?

मी बाबांकडे बघितलं. बाबा लादीकडे बघत होते.

आता काय करायचं? बोललो तर बाबा व्याह्याच्या तोंडावर खोटं बोललेत हे उघडं पडणार आणि ताईची तारीख गेली. नाही बोललो तर मी बेवडा. आयटीआयवाला पण आणि बेवडा पण, दोन्ही न होता. मी थांबलो. मला वाटलं, बाबा बोलतील. मी ग्लास हातात धरून उभा, आई रडायच्या बेतात, आणि बाबा लादीवरची नक्षी बघतायत. ते मला बारा वर्षांच्या दारूपेक्षा जास्त लागलं.

"बाबा," मी बोललो. "ड्रायर."

ताईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "बाबा? माझा ड्रायर जळका वास मारत होता तो..."

बाबा उठून उभे राहिले. का ते त्यांनाच माहीत. बसून सांगता येत नसेल.

"मी उघडलेली," ते बोलले. "पोराने नाही. मी प्यायलो नाही पण. आईशपथ."

"मग?" मधुकाका.

"आमच्या गावच्या वेशीवर राखणदार आहे. देवच तो, गावाची राखण करतो. त्याला नारळ लागतो, विडी लागते, आणि... घोट लागतो. शुभकार्यात ज्या बाटलीतली पाहुण्याला द्यायची, तिच्यातलीच पहिली त्याला द्यायची. आमच्याकडे तसंच आहे. माझ्या बहिणीच्या वेळेला राहून गेलेलं. हळद लागलेली, आणि लग्न मोडलं." बाबांनी ताईकडे बघितलं. "म्हणून ह्या वेळेला मी बाटलीच घेऊन गेलो. करवंटीत ओतली, गाऱ्हाणं घातलं. पण मग बाटली अपुरी दिसायला लागली. व्याह्यापुढे अपुरी बाटली कशी ठेवणार? पाणी घालणार होतो. मग म्हटलं साधं पाणी कशाला, तिथेच नारळ फोडलाय, त्याचंच घालूया. देवाचं आहे. आशीर्वादच जाईल आत."

हेमाकाकूंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते त्यांचे, रडताना हलतात तसे नाही.

"बारा वर्षांच्या बरबनमध्ये," मधुकाका एकेक शब्द ठेवत बोलले, "नारळपाणी."

"जरासंच."

"आणि मी... लाकडाचा नारळ म्हणून..." त्यांचे कान लाल झाले. मला वाटतं भेसळीपेक्षा त्यांना ते जास्त झोंबलं. "आणि सील?"

"पॅकिंगला आहे ना मी. प्लॅस्टिकची टोपी नवीन आणली, ड्रायरने तापवून घट्ट बसवली."

"म्हणजे ठरवून केलंत." त्यांनी नॅपकिन उलगडून मांडीवर घेतला. "मी विचारलं तेव्हा सीलबंद म्हणालात. अजून काय काय सीलबंद आहे या घरात?"

"मी," मी बोललो.

"ऋतू!" आई.

"बास झालं आई. काका, मी आयटीआयला नाही. दहावी पण नाही. कल्याणला गॅरेजमध्ये आहे. बाईकचं इंजिन खोलून परत बसवतो आणि ती चालते. झालं? अजून काही विचारायचंय?"

"तुझी नखं मी वर्तकनगरलाच बघितलेली," मधुकाका बोलले.

"मग? मघाशी कॉलेज कशाला विचारलंत?"

"कोण खरं सांगतं ते बघत होतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं दाखवत होतात." माझा आवाज चढला, मला कळत होतं, पण थांबेना. "मग तुम्ही पण सीलबंदच की, काका."

आईने कपाळाला हात लावला. मधुकाका माझ्याकडे बघत राहिले. 'हं' पण नाही. मग बाटलीला बूच लावलं, ड्रॉपर पिशवीत टाकला.

"तारखेचं नंतर बघू," ते बोलले.

ताईने काही केलं नाही. रडली नाही, उठली नाही. नुसती बोटातली अंगठी फिरवत राहिली, स्वानंदने दिलेली, साधी. मला स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटली. तोंड उघडायचं नाही, एवढंच तर सांगितलेलं.

ग्लास अजून माझ्या हातात होता. मधुकाकांनी तो घ्यायला हात पुढे केला. पण मधेच दुसरा हात आला. स्वानंदचा. त्याने पप्पांचा तो ग्लास, ज्याला घरात कुणी शिवत नाही म्हणे, तोंडाला लावला आणि सगळा एका दमात आत. मग असा खोकला, असा खोकला, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी. काकूंनी उठून पाठ थोपटली.

"पप्पा," तो खोकत बोलला. "मला आवडली."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. नारळासकट आवडली. आणि तारीख मला आजच पाहिजे."

ताईने मान वर केली. मला वाटलं आता हिच्या डोळ्यात पाणी येणार. कसलं काय.

"एक मिनिट," ताई बोलली. "आमच्या ऋतूचं तुला माहीत होतं. मीच तुला पहिल्या दिवशी सांगितलेलं. तू पप्पांना का नाही बोललास? तो बिचारा आज आयटीआय आयटीआय करत बसला."

"घाबरलो."

"मग आता?"

"आता पासष्ट टक्के पोटात गेलेत."

"सत्तावन्न," मधुकाका बोलले. "फार तर अठ्ठावन्न."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. हेमाकाकूंचा पदर सुटला. त्या अशा हसायला लागल्या की सोफा हलला. मग ताई हसली, मग आई, रडत रडतच. बाबांना हसायचं की नाही कळेना, ते उभेच. मी नाही हसलो. मी मधुकाकांकडे बघत होतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वडे," ते बोलले. "गार झाले असतील."

"तळून देते गरम," आई बोलली आणि स्वयंपाकघराचं दार असं उघडलं की बोंबलाचा वास सगळ्या हॉलभर झाला.

जेवताना तारीख निघाली. काकूंनी काढली, मोबाईलमधल्या कॅलेंडरवर. मधुकाकांनी दोन तारखांवर नाक मुरडलं, तिसऱ्या तारखेला काही बोलले नाहीत. तेच त्यांचं 'हो' असणार, ताई नंतर बोलली.

बाबांना मग धीर आला. "लग्न पार पडलं की राखणदाराला परत एकदा द्यावी लागेल," ते हळूच बोलले. "कबूल केलंय."

मधुकाकांचा घास थांबला. "मी येतो."

"तुम्ही?"

"बाटली मी आणणार. प्रवासभर माझ्या मांडीवर राहील. उघडायची मीच, ओतायची मीच."

"आणि नारळ?"

"नारळ तुमचा. पण माझ्या डोळ्यांसमोर फोडायचा. आणि पाणी तिथल्या तिथे सगळ्यांनी पिऊन टाकायचं. थेंब उरता कामा नये."

"व्हय महाराजा," मी बोललो, गाऱ्हाण्याला म्हणतात तसं. मधुकाकांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मी वड्याकडे बघितलं.

जेवणं झाली. बायका आत, स्वानंद तोंड धुवायला गेलेला, बाबा पान आणायला खाली. मी हॉलच्या दारात उभा होतो, मधुकाकांना दिसत नव्हतो. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बूच काढलं, ग्लासात बोटभर ओतली. ड्रॉपरला हात लावला नाही. तोंड थोडं उघडं ठेवून नाक आत घातलं आणि डोळे मिटले. मग एक घोट. मग अजून एक. चेहऱ्यावर, आईशपथ, हसू होतं.

"मार्क किती, काका?" मी बोललो.

दचकले. ग्लास खाली ठेवला, नॅपकिनने ओठ पुसले.

"भेसळीच्या मालाला मार्क नसतात."

"हं," मी बोललो.